लिंबाविना लिंबाचा वास

पावसाळ्यातील एक सकाळ. कळवणच्या पश्चिमेकडील डोंगर ढगांत बुडाले आहेत. घरात चहाचे आधण ठेवले आहे आणि आई तुम्हाला सांगते, "जा, मागच्या दारी जाऊन चार पाती तोडून आण बरं." मागच्या दारी, न्हाणीचे पाणी जिथून वाहून जाते तिथे, गवताचा एक मोठा ठोंब माजलेला असतो. पाती तोडताना ती बोटाला कापते, आणि त्याच क्षणी हाताला लिंबासारखा वास येतो. हाच आपला गवती चहा. कुणी याला पातीचा चहा म्हणतात. गुजरातची हद्द कळवणपासून फार लांब नाही. तिकडे याला 'लीली चा', म्हणजे हिरवा चहा असे नाव आहे. खऱ्या चहाच्या झाडाशी मात्र याचे काही नाते नाही. हा गवताच्या कुळातला, म्हणजे शेतातल्या उसाचा, मक्याचा आणि ज्वारीचा भाऊबंद आहे.

पाती आधणात पडते, साखर पडते, दूध पडते, आणि लिंबाच्या वासाचा चहा तयार होतो. आता जरा थांबून विचार करा. याच चहात तुम्ही लिंबाच्या रसाचे चार थेंब पिळले असते तर काय झाले असते? दूध फाटले असते. मग लिंबाचाच वास देणाऱ्या या गवताने दूध का फाटत नाही?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधता शोधता आपण स्वयंपाकघरातून थेट नंदुरबारच्या ओढ्याकाठी आणि तिथून औषधांच्या कारखान्यापर्यंत जाऊन पोचतो. चला तर, उत्तर शोधू या.

आंबटपणा निराळा, वास निराळा

प्रथम एक सोपा प्रयोग करा. तीन पेले घ्या. पहिल्या पेल्यात दोन चमचे लिंबाचा रस घाला. दुसऱ्यात गवती चहाची पाती उकळून, गाळून, थंड केलेले पाणी दोन चमचे घाला. तिसऱ्यात नुसते पाणी घाला. आता प्रत्येकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. लिंबाचा रस फसफसून वर येईल. दुसऱ्या पेल्यात तसा फेस येणार नाही. तो तिसऱ्या पेल्यासारखाच शांत राहील.

खाण्याचा सोडा अम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. लिंबाच्या रसात सायट्रिक अम्ल भरपूर असते, म्हणून तो फसफसतो. दूध फाटते तेही या अम्लामुळेच. दुधात केसीन नावाचे प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असते. अम्ल मिसळले की हे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि पाणी वेगळे होते. गवती चहाच्या काढ्यात फेस आणण्याइतके किंवा दूध फाडण्याइतके अम्ल नसते.

याचा अर्थ असा की, लिंबू म्हणून आपण जे ओळखतो त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. आंबटपणा जिभेला कळतो. तो रसात असतो. वास नाकाला कळतो. तो मुख्यतः सालीत आणि पानांत असतो. दोन्ही नेहमी बरोबर येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. खात्री करून घ्यायची असेल तर लिंबाची साल पाण्यात धुऊन, पुसून नखाने ओरबाडा. रस न सांडताही हाताला वास लागतो. आता लिंबाच्या झाडाचे एक पान चुरगळा. त्यात रस नाही, आंबटपणा नाही, पण वास आहे. गवताने लिंबाकडून फक्त वास घेतला आहे, आंबटपणा घेतलेला नाही, असे गमतीने म्हणता येईल.

वासाचे नाव सिट्राल

लिंबाच्या सालीकडे निरखून पाहा. तिच्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाची एक इवलीशी पिशवी असते. साल मुडपली की या पिशव्या फुटून तेलाचे तुषार उडतात. हे तेल शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलासारखे नव्हे. शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर डाग कायमचा राहतो. सालीच्या तेलाचा डाग मात्र काही वेळाने बहुतांशी उडून जातो. म्हणून अशा तेलांना बाष्पनशील तेले (हवेत उडून जाणारी तेले) म्हणतात. गवती चहाच्या पातीतही असे तेल असते. ते पातीच्या आतील काही विशिष्ट पेशींत साठलेले असते. पाती नुसती हुंगली तर वास मंद येतो. ती कापली किंवा चोळली म्हणजे पेशी फुटतात आणि वास एकदम उसळतो.

लिंबाचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो प्रामुख्याने सिट्राल या द्रव्याचा असतो. येथे एक नवलाची गोष्ट आहे. लिंबाच्या सालीच्या तेलात सर्वांत मोठा वाटा असतो लिमोनीन या दुसऱ्याच द्रव्याचा. सिट्रालचा वाटा शेकडा काही थोडाच असतो, तरी वासावर राज्य त्याचेच चालते. गवती चहाच्या तेलात मात्र सिट्राल शेकडा ७० ते ८० असतो. म्हणजे ज्या द्रव्याने लिंबाला लिंबाचा वास येतो, ते द्रव्य लिंबाच्या तेलापेक्षा या गवताच्या तेलात कितीतरी अधिक आहे!

पण एकूण तेल फार थोडे असते. शंभर किलो ओली पाती घेतली तर त्यातून साधारणपणे पाव ते अर्धा किलो तेल निघते. एवढ्याशा तेलाने सारे घर दरवळते, यावरून आपले नाक किती तल्लख आहे ते ध्यानात येईल.

गुलाबाचा चुलत भाऊ

आता कळवणहून उत्तरेकडे वळू. बागलाण ओलांडून पुढे गेले की जुना खानदेश लागतो. तिथल्या आणि सातपुड्याच्या डोंगरउतारांवर एक उंच गवत उगवते. त्याचे नाव रोशा. रोशा आणि गवती चहा हे एकाच वंशातले. वनस्पतिशास्त्रात या वंशाचे नाव सिंबोपोगॉन असे आहे. ग्रीक भाषेतील होडी आणि दाढी अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून ते बनले आहे. परंतु रोशा चोळले तर लिंबाचा नव्हे, गुलाबाच्या जवळचा वास येतो.

या रोशा गवतापासून तेल काढण्याचा धंदा नंदुरबारच्या परिसरात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जोरात होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन आहे. भट्टी लावायची ती ओढ्याच्या काठी, कारण पाणी भरपूर लागे. मोठ्या हंड्यात गवत भरून पाणी ओतायचे. तोंडावर लाकडी झाकण बसवायचे आणि वाफ निसटू नये म्हणून फटी उडदाच्या पिठाने लिंपायच्या. झाकणाच्या भोकातून बांबूची पोकळ नळी काढून तिचे दुसरे टोक ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या भांड्यात सोडायचे. खाली जाळ घातला की वाफ नळीतून थंड भांड्यात जाई. तेथे तिचे पाणी होई आणि पाण्यावर तेल तरंगू लागे. हे तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तुर्कस्तानात जात असे. तेथे त्याचा मोठा उपयोग कशासाठी होई, ठाऊक आहे? गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळ करण्यासाठी!

भेसळ खपून जाई याचे कारण रसायनशास्त्रात आहे. रोशा तेलातील मुख्य द्रव्य जिरॅनिऑल हे होय, आणि ते खऱ्या गुलाबाच्या अत्तरातही असते. जिरॅनिऑलच्या एका रेणूत १० कार्बन, १८ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असे अणू असतात. सिट्रालच्या रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असतात. फरक अवघा दोन हायड्रोजन अणूंचा! तेवढ्याने गुलाबाच्या वासाचे लिंबाच्या वासात रूपांतर होते. प्रयोगशाळेत जिरॅनिऑलमधील हे दोन अणू काढून सिट्राल बनविता येतो.

रसायनशास्त्रज्ञ एवढ्यावर थांबले नाहीत. १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन शास्त्रज्ञांनी सिट्रालपासून आयोनोन नावाचे द्रव्य बनविले. त्याला युरोपातील व्हायोलेट या फुलाचा वास येत होता. अत्तरवाल्यांना आनंद झाला. पुढे १९४७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ओटो इस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आयोनोनपासून अ जीवनसत्त्व कारखान्यात बनविण्याची पद्धत बसविली. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, क्वचित कायमचे अंधत्वही येते. आपल्या देशात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. असे मोठे डोस देता येतात ते हे जीवनसत्त्व कारखान्यात बनविता येते म्हणून, आणि त्या वाटेच्या आरंभी केरळातील गवती चहाच्या तेलाला म्हणूनच मोठी मागणी होती. आज जगातील बराचसा सिट्राल खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांपासून बनतो.

येथे गैरसमज करून घेऊ नका. गवती चहा प्याल्याने अ जीवनसत्त्व मिळत नाही. सिट्रालचे जीवनसत्त्व बनविण्याचे काम कारखान्यातील यंत्रे करतात, आपले पोट करीत नाही. अ जीवनसत्त्वासाठी पालेभाज्या, गाजर, पपई, दूध आणि अंडी खावीत.

तुमची चूलही एक भट्टीच

नंदुरबारच्या भट्टीचे चित्र मनात ठेवून आता आपल्या चहाच्या पातेल्याकडे पाहा. पातेल्यात पाणी आहे, पाती आहे, खाली जाळ आहे. नाही ती फक्त बांबूची नळी. मग वाफ कुठे जाते? सरळ छपराकडे! आणि जाताना वास घेऊन जाते.

कुणी विचारील, पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते आणि सिट्राल सुमारे २२९ अंशांना, मग तो उडतो कसा? याचे उत्तर असे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघेही आपापली वाफ स्वतंत्रपणे सोडीत असतात. दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते. म्हणून पाण्याच्या संगतीत तेलही १०० अंशांच्या आतच वाफेबरोबर निघून जाऊ लागते. एरवी २२९ अंशांपर्यंत तापविल्यास जे तेल बिघडले असते, ते असे सुखरूप बाहेर पडते. या क्रियेला बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात.

तेव्हा चहा उघड्या पातेल्यात बराच वेळ उकळला तर घर घमघमते, पण कपात वास उरत नाही. हे खरे की खोटे? माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, करून पाहा.

एकाच ठोंबाची, एकाच वेळी तोडलेली दहा पाती घ्या. कात्रीने बारीक कापून त्यांचे दोन सारखे वाटे करा. दोन सारख्या भांड्यांत दोन-दोन कप पाणी उकळा व एकेक वाटा टाका. एक भांडे उघडे ठेवा, दुसऱ्यावर घट्ट झाकण ठेवा. दोन्ही मंद आचेवर दहा मिनिटे ठेवा. उघड्या भांड्यातील पाणी आटून कमी झालेले असेल. तेवढे उकळते पाणी घालून दोन्ही पातळ्या सारख्या करा, नाहीतर तुलना खोटी पडेल. गाळून दोन्ही काढे सारखेच कोमट होऊ द्या. कपांच्या बुडाशी कागदाच्या चिठ्ठ्या लावा व कोणत्या कपात काय आहे ते परीक्षकांना कळू देऊ नका. मग घरातील, शेजारची मिळून दहा माणसे जमवा. प्रत्येकाने एकेकट्याने येऊन सांगायचे की, अधिक वास कोणत्या कपाचा.

दहांपैकी पाच जणांनी एक कप निवडला आणि पाच जणांनी दुसरा, तर फरक नाही असे समजा. पण नऊ किंवा दहा जणांनी झाकलेला कप निवडला तर? नाणे दहादा उडवून नऊ किंवा दहा वेळा छाप पडणे, ही गोष्ट साधारण शंभरात एकदाच घडते. तेव्हा तो निव्वळ योगायोग असण्याचा संभव फार कमी. झाकणाची आतली बाजूही हुंगून पाहा. तेथील थेंबांत काय आहे ते तुम्हाला आता सांगावे लागणार नाही.

कुंडीतली लागवड

गवती चहाला फुले क्वचितच येतात, त्यामुळे बियांची वाट पाहून चालत नाही. लावायचे ते ठोंबाचे फुटवे. कुणाच्या तरी परसातील ठोंबाच्या कडेचे, मुळे असलेले दोन-तीन फुटवे मागून घ्या. मागताना एक गोष्ट अवश्य विचारा: "तुम्ही हा चहात घालता ना?" कारण सिट्रोनेला नावाचे याच वंशातले दुसरे गवत दिसायला बरेचसे असेच असते. त्याच्या तेलाचा उपयोग साबणात आणि डास पळविण्याच्या औषधांत करतात, चहात नव्हे. म्हणून नुसत्या दिसण्यावरून किंवा वासावरून ओळख ठरवू नका. ज्या घरी वर्षानुवर्षे चहात वापरले जाते त्याच घरचा फुटवा आणा.

लावण्यास जून-जुलै हा काळ उत्तम. टिचभर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर पाती ठेवून वरची कापून टाका. मुळे नवी फुटेपर्यंत पाणी कमी शोषले जाते. पाती लांब ठेवली तर तिच्यातून पाणी उडून रोप सुकते. कुंडी निदान ३० सेंटिमीटर रुंद असावी व तिला बुडाशी भोक असावे. दोन वाटे माती, एक वाटा वाळू किंवा बारीक मुरूम, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करा. काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि बुंधे कुजतात. कुंडी उन्हात ठेवा. सावलीत पाती लांबट व लुळी होते आणि ठोंब भरत नाही.

तीन-चार महिन्यांत पहिली कापणी करता येते. जमिनीपासून चार बोटे वर कापा. बुडापाशी कापले तर नवे फुटवे फुटण्याची जागाच जाते. नंतर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कापा. कळवणच्या थंडीत वाढ मंदावते. तेव्हा ठोंबाला विश्रांती द्या. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ होऊ लागला की उपटून, फोडून, कडेचे जोमदार फुटवे नव्या जागी लावा. उरलेले शेजाऱ्यांना वाटा. पातीच्या कडा करवतीसारख्या असतात. हाताने ओढू नका, विळीने किंवा कात्रीने कापा.

जागा कमी असेल तर लिंबाची बी लावा. कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात, ही मौज पाहण्यासारखी आहे. फळ यायला बरीच वर्षे लागतील, पण पाने वर्षभरात वापरता येतील. त्या पानांवर एखादे दिवशी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडेल. लगेच मारू नका. ती मोठी होऊन हिरवी होते; डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचे सुंदर फुलपाखरू होते. तिला दोन पाने खाऊ दिली तर आपले फारसे बिघडत नाही.

युरोपात मेलिसा नावाची पुदिन्यासारखी वनस्पती आणि दक्षिण अमेरिकेत लेमन व्हर्बिना नावाचे झुडूप यांनाही हाच वास येतो. तिकडील लोक त्यांची पाने चहासारखी उकळून पितात. झाडे निराळी, कुळे निराळी, पण वास एक, कारण त्या पानांतही सिट्राल असतो.

स्वयंपाकघरात

आता तुम्हाला नियम कळले आहेत: पाती बारीक कापा म्हणजे पेशी फुटतील, शेवटी घाला, झाकून ठेवा. या तीन नियमांवर पुढील पदार्थ करून पाहा. चुलीपाशी मोठे माणूस असू द्या.

चहा: दोन कप पाण्यात चहापूड व साखर उकळून घ्या. दूध घालून एक उकळी आली की तीन-चार पाती कापून टाका, गॅस बंद करा आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. सिट्राल पाण्यात फारसा विरघळत नाही, पण स्निग्ध पदार्थात चांगला विरघळतो. दुधातील साय त्याला धरून ठेवते. आले घालायचे असेल तर ते आधी पाण्यात चांगले उकळू द्या. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते. ते दूध फाडू शकते. उकळल्यावर ते निकामी होते.

गुळाचा काढा: पाणी, गूळ, आले, चार मिरी उकळा. उतरवताना पाती घालून झाका. यात दूध नको.

भात: तांदूळ शिजत घालताना दोन लांब पात्यांची गाठ मारून वर ठेवा व झाकण लावा. वाढण्यापूर्वी गाठ काढून टाका. पातीचे तुकडे कधीही गिळू नयेत. ते चिवट असतात व घशात टोचतात.

सरबत: उन्हाळ्यात लिंबे महागतात. पातीचा दाट काढा झाकून थंड करा. त्यात साखर, मीठ व अर्ध्याच लिंबाचा रस घाला. आंबटपणा लिंबाने पुरवला, वास गवताने पुरवला. पाहुण्यांना विचारा की, किती लिंबे पिळली असतील. उत्तरे लिहून ठेवा!

ताक: लिंबाची दोन पाने शिरा काढून, फाडून, मीठ-जिऱ्याबरोबर ताकात घाला आणि अर्ध्या तासाने गाळा.

पाती साठवायची असेल तर सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कडक उन्हात वाळवली तर पाती डब्यात राहते आणि वास आकाशात जातो. कांद्याच्या किंवा द्राक्षाच्या शेताच्या बांधावरील ठोंबाची पाती मात्र फवारणीची चौकशी केल्याशिवाय आणू नका, आणि कुठलीही पाती वापरण्यापूर्वी धुऊन घ्या.

मधमाशी, डास आणि ताप

मधमाश्यांना हा वास फार ओळखीचा आहे. कामकरी माशी आपल्या साथिणींना घराकडे बोलावताना पोटाच्या टोकाजवळील ग्रंथीतून जो गंध सोडते, त्यात जिरॅनिऑल आणि सिट्राल दोन्ही असतात! म्हणून मधमाशीपालक रिकाम्या पेटीत गवती चहाच्या तेलाचा थेंब लावून उडत्या थव्याला बोलावतात.

डासांचे काय? अशा गवतांची तेले अंगाला लावण्याच्या औषधांत वापरतात हे खरे. पण दारात ठोंब लावला म्हणजे डास येत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. तेल पातीच्या पेशींत बंद असते, हे आपण पाहिलेच. मच्छरदाणी लावा, साठलेले पाणी ओता. आणि बाजारात मिळणारे बाटलीतले तेल कधीही पिऊ नका. एका थेंबात पुष्कळ पात्यांचे तेल एकवटलेले असते.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. ताप आला की घरोघर गवती चहाचा काढा देतात. अंगाला घाम फुटतो, घशाला ऊब मिळते, पोटात पाणी जाते, आजारी माणसाला बरे वाटते. हे सारे चांगले आहे. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. हिवतापाचे जंतू रक्तात असतात. काढ्याने ते मरत नाहीत. डेंग्यूचाही तसाच प्रकार. घाम येऊन ताप उतरला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला, असे होऊ शकते, आणि तेवढे मोलाचे दिवस वाया जातात. म्हणून काढा अवश्य द्या, पण ताप असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. घरातील मोठी माणसे "काढा दिला आहे, उद्या पाहू" म्हणाली, तर त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याचे काम तुमचे.

तुमच्या वहीसाठी

१. सकाळी व दुपारी तोडलेल्या पातीच्या वासात फरक पडतो का? झाकणाच्या प्रयोगासारखाच प्रयोग आखा. कोणत्या गोष्टी सारख्या ठेवाल?

२. एका बाटलीत पाणी व दुसरीत खोबरेल घ्या. दोन्हींत कापलेली पाती घालून दोन दिवस झाकून ठेवा. वास कशात अधिक उतरला? का?

३. न्हाणीच्या पाण्यावरील ठोंब आणि कुंडीतील ठोंब यांची पाती दर आठवड्याला मोजा व आलेख काढा.

४. गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून वासाच्या पाच गवतांची व पाल्यांची नावे लिहा. तुमच्या भागात त्यांना काय म्हणतात आणि ती कशासाठी वापरतात? न ओळखणारी वनस्पती चाखू मात्र नका.

आणि उद्या सकाळी आईने चार पाती आणायला सांगितली, की येताना तिला आठवण करा: पाती शेवटी टाक आणि झाकण ठेव.